चकत्या बदलण्याआधी

दांडिया बाजारातील एका जुन्या घरी, जिन्याखालच्या कोनाड्यात, जुनेरात गुंडाळलेली एक चपटी, करड्या रंगाची पेटी वीस वर्षांहून अधिक काळ पडून होती. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत ती भंगारवाल्यास द्यावी असे घरच्या तरुण मंडळींनी ठरविले, आणि त्या घरच्या काकूंनी मला तातडीने बोलावणे धाडले. मी पोहोचले तेव्हा त्या पेटीशेजारीच पाट टाकून बसल्या होत्या. आपल्या देखत कोणी ती उचलून नेईल, अशी जणू त्यांना धास्ती होती.

"अगं, तू ह्यांच्याबरोबर शिकवायला होतीस, म्हणून तुला बोलावलं," त्या म्हणाल्या. "पेटी गेली तर जाऊ दे. पण सासूबाईंचं सांगणं आहे त्यात. तेवढं काढून दे, मग खुशाल नेऊ देत."

सासूबाईंचे सांगणे म्हणजे काय, हे मला अंधुक आठवत होते. १९९३-९४ च्या हिवाळ्यात काकांनी आपल्या वृद्ध आईस रोज सायंकाळी बोलते केले होते. बडोद्यातील तिचे बालपण, लग्नातील पंगती, हळदीकुंकू, गल्लीतील माणसे, घरात बोलले जाणारे आणि आता लोपलेले शब्द, असे सारे ती सांगे आणि काका वहीत उतरून घेत. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयातील काम आटोपले, की विभागातील संगणकावर ते लिहून ठेवीत. १९९५ साली आजी गेल्या. पुढे विभागाने तो संगणक मोडीत काढला, तेव्हा काकांनी लिलावात बोली लावून तो घरी आणला. लोकांना ती हौस वाटली. तिचे खरे कारण आता कळत होते. पुढे काकाही गेले. वह्यांना वाळवी लागली. आणि आजींच्या बोलण्याची एकमेव प्रत त्या करड्या पेटीतील दोन हार्ड डिस्कवर राहिली.

या सदरात यंत्रांविषयी मी लिहिते ते कारागिरांसाठी नव्हे, घरातल्या माणसांसाठी. म्हणून ही पेटी काय होती ते आधी सांगते.

ती होती सन कंपनीची स्पार्कस्टेशन २. अशा यंत्रास वर्कस्टेशन म्हणत. घरगुती संगणकाहून ते अधिक समर्थ असे, आणि अभियंते, शास्त्रज्ञ, नकाशे काढणारे यांच्या मेजावर ते दिसे. सन ही कंपनी अमेरिकेत १९८२ साली स्थापन झाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म १९५५ साली पुण्यात झालेला. स्पार्कस्टेशन २ बाजारात आली ती १९९० साली. तिच्या चपट्या चौकोनी आकारामुळे लोक तिला कौतुकाने 'पिझ्झा बॉक्स' म्हणत. तिच्या प्रक्रियकाचा वेग ४० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास चार कोटी ठोके. आज मुलांच्या हातातील फोनही याहून कैक पटींनी वेगवान असतो. परंतु त्या काळी अशी एक पेटी विभागात असणे हा मान होता. २०१० साली ओरॅकल कंपनीने सन विकत घेतली, आणि ते नाव बाजारातून हळूहळू मावळले.

आता हार्ड डिस्कविषयी. धातूच्या बंद डबीत गुळगुळीत, चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या एका आसावर बसविलेल्या असतात. त्या मिनिटास काही हजार फेऱ्या घेतात, आणि त्यांच्यावरून एक सूक्ष्म वाचनशीर्ष फिरते. हे शीर्ष ग्रामोफोनच्या सुईसारखे चकतीस टेकत नाही. चकतीच्या वेगाने निर्माण झालेल्या हवेच्या पातळ थरावर ते तरंगते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन असते. शीर्ष आणि चकती यांतील अंतर एका मायक्रॉनहूनही कमी. धुळीचा एक कण त्या पोकळीत शिरला तर तो तेथे धोंड्यासारखा वागतो. म्हणूनच हार्ड डिस्कची डबी घरी कधीही उघडू नये. पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि तिच्यात ५० लाख अक्षरे मावत. काकांच्या पेटीतील प्रत्येक डिस्क तळहातावर मावेल एवढीच, पण तिची धारणशक्ती २०७ मेगाबाइट, म्हणजे वीस कोटींहून अधिक अक्षरे.

एवढे नाजूक यंत्र वीस वर्षे न फिरता पडून राहिले की त्याचे काय होते? आसाच्या बेअरिंगमधील वंगण घट्ट होते. आतील रबरी टेकू चिकट होतात. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे, त्या काळच्या डिस्कमध्ये वीज बंद झाल्यावर शीर्ष चकतीवरच एका राखीव जागी उतरून विसावत असे. चकतीचा पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत आणि त्यावर वंगणाचा पातळ थर; त्यामुळे ओल्या काचेवर काच ठेवावी तसे शीर्ष चकतीस चिकटून बसते. वीज दिली तरी मोटार त्यास सोडवू शकत नाही. डिस्क मेली असे आपण समजतो. वस्तुतः ती केवळ अडकलेली असते.

काकूंच्या पुतण्याने पहिल्याच दिवशी मला विचारले, "मावशी, डिस्क बदलायच्याच आहेत ना? नव्या घाला आणि चालू करा." त्याचे म्हणणे वरवर बरोबर होते. पण डिस्क बदलणे हे दिवा बदलण्यासारखे नव्हे. दिवा गेला तर त्याच्याबरोबर घरातील काही जात नाही. डिस्क बदलण्याच्या कामात बदलणे हा शेवटचा आणि सोपा भाग असतो. त्याआधी जुनीवर जे आहे ते उतरून घ्यावयाचे असते, आणि त्यासाठी बहुधा एकच संधी मिळते. म्हणून माझा पहिला नियम असा, की जुन्या पेटीची वीज प्रथम चालूच करू नये. तीस वर्षांच्या विद्युतपुरवठ्यातील कपॅसिटर कुजलेले असू शकतात. त्यांनी चुकीचा दाब दिला तर डिस्कच्या पाठीवरील मंडल जळते आणि सारेच संपते.

पेटी उघडली. झाकण काढताच दोन्ही डिस्क, त्यांना जोडणारी पन्नास तारांची राखाडी पट्टी आणि विजेच्या जोडण्या दिसल्या. काहीही हलविण्यापूर्वी मी चारही बाजूंनी छायाचित्रे घेतली. पट्टीच्या एका कडेस तांबडी रेघ असते, ती पहिली तार. ती उलटी लागली तर पुढचे सारे बिघडते. ही जोडणी 'स्कझी' पद्धतीची. १९७९ साली शुगार्ट असोसिएट्स या कंपनीने जी पद्धत काढली तिच्यातून ही वाढली आणि १९८६ साली अमेरिकेत प्रमाणित झाली. एकाच तारेवर अनेक साधने एकामागोमाग जोडता येतात, हे तिचे वैशिष्ट्य. जुन्या वाड्यात एकाच चौकाभोवती आठ बिऱ्हाडे असावीत तशी शून्य ते सात अशी आठ घरे या तारेवर असतात. सातवे घर बहुधा यंत्राचे स्वतःचे. उरलेल्यांत डिस्क, टेप, सीडी यांनी राहावयाचे. कोणी कोणत्या घरी राहावयाचे हे डिस्कवरील बारीक टोप्या लावून ठरते. काकांच्या डिस्कवरील टोप्यांची मांडणी मी कागदावर काढून घेतली. एक डिस्क तिसऱ्या घरी होती, दुसरी पहिल्या.

आणखी एक गोष्ट टिपून घ्यावी लागते. स्कझीच्या तारेच्या दोन्ही टोकांना रोधक असावे लागतात. ते नसले तर संदेश टोकावर आदळून विहिरीतील प्रतिध्वनीसारखा परत येतो आणि पुढच्या संदेशात मिसळतो. आणि मधल्या कोणा साधनास रोधक लावलेला असला, तरीही घोटाळा होतो. जुन्या डिस्कवर रोधक आहे की नाही हे पाहून ठेवावे आणि नव्या साधनास तीच शिस्त लावावी. स्कझीच्या निम्म्या तक्रारी, मला वाटते, या एकाच दुर्लक्षातून उद्भवतात.

माझ्याकडे स्कझी कार्ड असलेला एक जुना टेबलावरचा संगणक आहे. त्याचा विद्युतपुरवठा मी पाच आणि बारा व्होल्टवर मोजून पाहिला, मध्ये बॅटरीचा आधार लावला, आणि पहिली डिस्क जोडली. ती थोडी कुरकुरली आणि फिरू लागली. तासाभरात तिची संपूर्ण प्रत उतरली. काकू समोरच बसल्या होत्या. "झालं?" त्यांनी विचारले. प्रत तपासून पाहते तो तिच्यावर यंत्राची स्वतःची कार्यप्रणाली आणि काकांनी वापरलेली साधने होती. आजींचे सांगणे तिच्यावर नव्हते. ते दुसरीवर होते.

दुसरी डिस्क जोडली. वीज दिली. एक बारीक 'टक्' असा आवाज आला आणि मग काही नाही. पुन्हा दिली, तसेच. मी वीज काढून घेतली. अशा वेळी घाई केली तर मोटारही जळते. काकूंच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे मी टाळले.

शीर्ष चिकटले असावे असा माझा तर्क होता. त्यावरचा जुन्या कारागिरांचा उपाय साधा आहे. डिस्कची जोडणी सोडवावी, ती आडवी हातात धरावी, आणि चकत्यांच्या आसाभोवती मनगटाने एक छोटा, चपळ हिसका द्यावा. ठोकू नये, आपटू नये. डिस्क शीतपेटीत ठेवावी असा सल्ला पुष्कळ लोक देतात. आपल्या दमट हवेत ती बाहेर काढताच आत दंव धरते, म्हणून मी तो कधी मानला नाही. पहिल्या हिसक्याने काही झाले नाही. दुसऱ्यानेही नाही. तिसऱ्या वेळी वीज देताच आतून एक घरघर उठली, ती चढत गेली आणि एका स्वरावर स्थिरावली. काकू एकदम म्हणाल्या, "हाच गं, हाच आवाज! रात्री हे बसायचे तेव्हा मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा."

आता ती थांबवावयाची नव्हती. पुन्हा फिरेल याची शाश्वती कोणी देऊ शकत नव्हते. प्रत काढण्यासाठी मी डीडीरेस्क्यू नावाचा कार्यक्रम वापरते. त्याची रीत शहाण्या लेखनिकासारखी आहे. जीर्ण पोथी उतरणारा मनुष्य एका फाटक्या पानापाशी दिवसभर अडून राहिला, तर तेवढ्यात उरलेली पानेही वाऱ्याने उडावयाची. तो आधी सुवाच्य पाने उतरून घेतो, अडलेल्या जागी खूण करतो, आणि मग एकेका खुणेपाशी सावकाश परततो. हा कार्यक्रमही तसाच. डिस्कवर ५१२ अक्षरांचे एक अशी चार लाखांवर घरे होती. पहिल्या फेरीत बहुतेक सारी वाचली गेली. उरलेल्यांसाठी ती डिस्क रात्रभर, मग दुसरी रात्र, मग तिसरी रात्र फिरत राहिली. अखेर अकरा घरे उरली. ती काही केल्या वाचता येईनात. चौथ्या दिवशी सकाळी मी वीज काढली. नंतर कुतूहल म्हणून पुन्हा लावून पाहिली, तेव्हा ती फिरली नाही.

येथे मला आपल्या बडोद्याचीच एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९२७ साली स्थापन झालेल्या येथील प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९६० ते १९७५ या काळात तिचे सात खंड निघाले. ठिकठिकाणच्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहून, कोणती ओळ कोणत्या प्रतीत कशी आहे हे नोंदवून, ती सिद्ध झाली. हे काम शक्य झाले, कारण शतकानुशतके कोणी ना कोणी जीर्ण पोथीवरून नवी पोथी वेळेवर उतरून काढीत होता. ताडपत्र झिजते, कागद कुजतो. टिकते ते उतरणे. चुंबकीय चकती त्याच कुळातील आहे, फक्त तिचे आयुष्य ताडपत्राहून फारच थोडे.

आणि उतरलेली प्रत मूळासारखी आहे हे पाहावे लागते. हिशेबात आपण ताळा पाहतो, तसा संगणकाच्या प्रतीचाही ताळा असतो. साऱ्या अक्षरांवरून एक लांबलचक आकडा काढतात. एक अक्षर जरी बदलले तरी तो आकडा वेगळा येतो. मी दोन्ही डिस्कच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या: एक काकूंकडे, एक माझ्याकडे, एक त्यांच्या मुलाकडे परगावी. तिन्हींचे ताळे जुळविले आणि मगच नव्या डिस्कचा विषय काढला.

जुन्या धाटणीच्या हार्ड डिस्क अजून मिळतात, पण त्याही तितक्याच म्हाताऱ्या. एका रुग्णाच्या जागी दुसरा रुग्ण निजविण्यात अर्थ नव्हता. गेल्या दहा-बारा वर्षांत यावर एक सुंदर तोड निघाली आहे. तळहाताएवढ्या मंडलावर एका बाजूस पन्नास खिळ्यांची स्कझी जोडणी आणि दुसऱ्या बाजूस छायाचित्रकाच्या कॅमेऱ्यात असते तसले बोटाच्या पेराएवढे मेमरी कार्ड. यंत्रास वाटते की आपल्याशी जुनी डिस्कच बोलत आहे. ३२ गिगाबाइटच्या एका कार्डावर काकांच्या डिस्कसारख्या दीडशे डिस्क मावतील. डिस्कची प्रत अथपासून इतिपर्यंत जशीच्या तशी उतरलेली असल्याने तिच्या प्रारंभीची ओळखपट्टी, विभाग, सारे कार्डावर आपोआप आले. नव्याने काही मांडावे लागले नाही.

मंडल जोडताना मी एक चूक केली, ती सांगते. पहिल्या डिस्कला कोणीही समंजस मनुष्य शून्य क्रमांक देईल, म्हणून मी प्रतीस शून्य घर दिले. यंत्र उठेना. मग टिपण पाहिले. सनची ही यंत्रे आपली पहिली डिस्क तिसऱ्या घरी शोधतात आणि दुसरी पहिल्या घरी. शून्य घरास ती चौथा मान देतात! अशी का रीत पडली याचा विचार करीत न बसता मी टोप्या काकांच्या मांडणीप्रमाणे लावल्या. ज्याच्या घरी जावे त्याच्या देवघराची दिशा विचारून घ्यावी, हेच खरे.

पेटीचा विद्युतपुरवठा मी दरम्यान दुरुस्त करून घेतला होता. जुना पडदा नव्हता, म्हणून यंत्रास कळफलक न जोडता त्याच्या क्रमवार जोडणीतून माझ्या लॅपटॉपवर अक्षरे आणली. कळफलक नसला की हे यंत्र आपणहून त्या वाटेने बोलू लागते. पहिलेच वाक्य आले ते तक्रारीचे, की ओळख नोंदविलेली चिप अवैध आहे. या यंत्रांत घड्याळ आणि यंत्राचा स्वतःचा क्रमांक एका चिपमध्ये असतो आणि तिच्या पोटातच बॅटरी कोंडलेली असते. साधारण दहा वर्षांत ती संपते, आणि यंत्र आपले नाव-गाव विसरते. काही आज्ञा हातांनी देऊन ते परत सांगावे लागले. मग 'ओके' या शब्दापुढे कोणकोणत्या घरी कोण आहे हे विचारण्याची आज्ञा दिली. तिसऱ्या घरी एक डिस्क, पहिल्या घरी एक डिस्क, असे उत्तर आले. सुरू होण्याची आज्ञा दिली, आणि काही मिनिटांनी काकांनी ठेवलेले यंत्राचे नाव पडद्यावर उमटले. ते त्यांच्या आईचे माहेरचे नाव होते. काकूंना हे ठाऊक नव्हते.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पण आवाज नाही गं येत."

खरेच येत नव्हता. कार्डास फिरावयाचे काहीच नसते. फक्त पंख्याची झुळूक तेवढी होती.

आता आजींचे लेखन. ते वाचता आले यात काकांच्या दूरदृष्टीचा मोठा वाटा आहे. त्या काळी देवनागरीसाठी प्रत्येक दुकानदाराची लिपी निराळी असे. एकाच्या साधनात लिहिलेले दुसऱ्यात उघडले की चिन्हांचा गोंधळ दिसे. घरोघरी मोडी लिपीतील जुन्या कागदांचे जे झाले तेच त्या लेखनाचे झाले आहे: कागद शाबूत, पण वाचणारा नाही. काकांनी वापरली ती रीत १९९१ साली नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्टहाउस यांनी तयार केलेली. तिच्यात मजकूर साध्या रोमी अक्षरांत, उच्चारानुसार ठरवून दिलेल्या नियमांनी लिहावयाचा, आणि डोनाल्ड नूथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणीच्या साधनाकडून देवनागरीत छापून घ्यावयाचा. दिसावयास ओबडधोबड, पण साधी रोमी अक्षरे आजही कोणताही संगणक वाचतो. पहिल्या डिस्कवर काकांची पृष्ठरचना होती. तिच्या साह्याने जुन्या यंत्राने मजकूर पुन्हा तसाच जुळवून दिला, जसा त्यांना छापावयाचा होता. एकशे बारा पाने निघाली.

न वाचलेल्या अकरा घरांपैकी दहा रिकाम्या जागेत होती. अकरावे मजकुरात निघाले. आणि तेही कोठे? १९२७ च्या महापुराच्या हकिगतीत. विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आजी बारा वर्षांच्या होत्या. पाणी उंबऱ्याला लागले, आईने देव टोपलीत घेतले, अंधारात दारावर थाप पडली, आणि येथे पाच-सहा ओळी नाहीत. पुढचे वाक्य सुरू होते ते आजी नातलगांच्या माडीवर, कोरड्या घोंगडीत बसल्या आहेत तेथून. त्यांना खांद्यावरून कोणी नेले, ते त्या गेलेल्या ओळींत होते.

"मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "शंभरदा ऐकलंय. गल्लीतल्या सुताराने नेलं." मग थोड्या थांबल्या. "हे मात्र म्हणायचे, पाणक्याने. सासूबाई कधी हा म्हणत, कधी तो."

"मग काय लिहू, काकू?"

"त्यांच्या ओळीत काही घालू नकोस. जागा मोकळी ठेव. खाली बारीक अक्षरांत लिही, की सुनेने असं ऐकलं आणि मुलाने तसं. उद्या नातवंडांना वाटायला नको, की आजीच बोलली."

चिकित्सक आवृत्तीचे संपादक अखेर हेच करतात. त्या कामासाठी काकूंना कोणत्याही विद्यापीठाची पदवी लागली नाही.

वाचकहो, प्रत्येकाच्या घरी स्पार्कस्टेशन नसेल. पण आपण मराठी माणसे मुलुखापासून दूर राहिलो, आणि आपले पुष्कळसे घरगुती लेखन छापखान्यापर्यंत कधी पोहोचले नाही. ते कुठल्या तरी कपाटात जुन्या संगणकात, फ्लॉपीत, सीडीत, लग्नाच्या ध्वनिफितीत असते. तेव्हा एवढे करावे. अशी वस्तू सापडली तर सहज म्हणून वीज लावून पाहू नये. तिच्यावर काय आहे, कोणी लिहिले, कोणत्या साधनाने लिहिले, हे ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठी लिहून तिला चिकटवावी. हे सांगणारी माणसे यंत्रांहून लवकर जातात. जाणकाराकडून आधी प्रत काढून घ्यावी, बदल मागाहून. प्रती निदान तीन असाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. शक्य असेल तेथे मजकूर साध्या अक्षरांत ठेवावा आणि एकदा कागदावरही छापावा. मेमरी कार्डही अमर नाही, तेही कालांतराने विसरते. म्हणून दर काही वर्षांनी प्रत ताडून नवी उतरावी. आणि मूळ डिस्क फेकू नये. आज जी अकरा घरे वाचता आली नाहीत, ती उद्या कोणास वाचता येतील.

त्या दोन्ही डिस्क काकूंनी जुनेरातच गुंडाळून, नावाची चिठ्ठी लावून ठेवल्या आहेत. पेटी आता कोनाड्यात नाही. पुढच्या खोलीत मेजावर आहे. भंगारवाला आला होता. त्यास रद्दी तेवढी दिली.